वास्तूंची साक्ष

जुनी वास्तू पाडू नये असे आपण म्हणतो, तेव्हा आपण नेमके कोणाविषयीचे कर्तव्य पाळीत असतो? प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. परंतु थोडे खोलात शिरले की तो फार अडचणीचा आहे असे दिसून येते. दगडाला वेदना नाहीत. तो पाडल्याने त्याच्यावर अन्याय झाला असे म्हणणे काव्यात शोभेल, विचारात शोभणार नाही. ज्यांनी वास्तू बांधली ते केव्हाच मातीस मिळाले. तिच्या राहण्या-जाण्याचे सुखदुःख त्यांस उरलेले नाही. ज्यांच्यासाठी ती राखावयाची ते अद्यापि जन्मास यावयाचे आहेत; आणि जो जन्मासच आला नाही त्याचा हक्क मानावयाचा कसा, ह्या प्रश्नाने मोठमोठे न्यायशास्त्री गोंधळात पडले आहेत. राहता राहिले हयात लोक. त्यांच्यापुरतेच पाहावयाचे तर त्यांस जुन्या भिंतीपेक्षा नव्या छपराची, पाण्याची व शेतजमिनीची गरज अधिक, असे पुष्कळदा ठरते. मग ह्या कर्तव्यास आधार तो कोणता?

असले प्रश्न हवेत ठेवून सुटत नाहीत. त्यांस एखादे ठिकाण द्यावे लागते. आम्ही ते ठिकाण इंग्लंडातील रटलंड हा परगणा घेत आहो. इंग्लंडातील ऐतिहासिक परगण्यांत आकाराने सर्वांत लहान अशी त्याची ख्याती आहे. लोकवस्ती चाळीस हजारांच्या आसपास. ओकहॅम व अपिंगहॅम ही दोन बाजारपेठेची गावे सोडली तर बाकी सारी खेडी, कुरणे आणि चुनखडीच्या पिवळसर दगडांची घरे. ‘थोडक्यात पुष्कळ’ अशा अर्थाचे लॅटिन बोधवाक्य त्याने धारण केले आहे, आणि जुन्या इमारतींपुरते तरी ते अगदी यथार्थ आहे.

परगण्यातील ह्या इमारतींभोवती कायद्याचे जे कुंपण आहे ते एका दिवसात उभे राहिलेले नाही. जॉन रस्किनने 1849 साली वास्तुकलेवरील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादिले की, जुन्या इमारतींवर आपली मालकीच नाही. काही अंशी त्या बांधणाऱ्यांच्या आहेत आणि काही अंशी पुढे येणाऱ्या सर्व पिढ्यांच्या. 1877 साली विल्यम मॉरिसने प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी मंडळी स्थापिली, ती ह्याच मताचा झेंडा घेऊन. पुढे 1882 साली सर जॉन लबक याच्या खटपटीने पहिला कायदा झाला. तो फार दुबळा होता. मालकाची संमती असेल तरच सरकारने देखभाल करावी, एवढाच त्याचा आवाका. त्यास खरे बळ आले ते एका अशा गृहस्थामुळे, की ज्याचे नाव हिंदी माणसास निराळ्याच कारणाने आठवते. लॉर्ड कर्झनने व्हाइसरॉय असताना 1904 साली हिंदुस्थानातील प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा कायदा केला. आणि पुढच्याच वर्षी बंगालची फाळणी केली! स्वदेशी परतल्यावर, रटलंडच्या शेजारच्या लिंकनशायरात टॅटरशॉलचा पंधराव्या शतकातील विटांचा किल्ला विकला जात आहे व त्यातील कोरीव शेकोट्या उखडून नेल्या आहेत, असे कळताच त्याने 1911 साली किल्ला विकत घेतला आणि शेकोट्या शोधून परत आणविल्या. 1913 च्या अधिक कडक कायद्यामागे ह्या प्रकरणाची प्रेरणा होती. जिवंत माणसांचा प्रांत एका फटकाऱ्यात दुभंगणारा हात मेलेल्यांच्या शेकोट्यांसाठी इतका हळवा कसा होतो, हे कोडे वाचकांनी मनात ठेवावे. त्याकडे आम्हांस पुन्हा यावयाचे आहे.

शेवटी 1947 च्या नगररचना कायद्याने इंग्लंडातील संरक्षणपद्धतीस आजचे वळण लागले. ऐतिहासिक व वास्तुदृष्ट्या महत्त्वाच्या इमारतींची सूची होऊ लागली. सूचीत तीन प्रती आहेत. पहिल्या प्रतीत शेकडा अडीच इमारती, आणि सर्वांत खालच्या प्रतीत शेकडा नव्वदांहून अधिक. 1700 पूर्वीची जी इमारत मूळ स्थितीच्या जवळपास टिकली आहे ती बहुधा सूचीत येतेच. प्रासाद आणि प्रार्थनामंदिरे ह्यांच्याबरोबर शेतकऱ्यांची घरे, पारव्यांचे मनोरे, मैलांचे दगड, थडग्यांच्या शिळा, एवढेच काय, टेलिफोनची तांबडी खोकीसुद्धा तीत आहेत. सूचीत नाव लागले की परवानगीवाचून इमारत पाडणे अथवा तिचे स्वरूप पालटणे हा गुन्हा होतो. घर आपले, पण खिडकी बदलण्यास मात्र अधिकाऱ्यास विचारले पाहिजे! ज्याच्या घराचे छप्पर गळते त्याला ह्या सूचीचा अभिमान वाटेल की संताप येईल, हे त्याच्या खिशावर अवलंबून राहते. ‘घर पाहावे बांधून’ अशी आपल्याकडील म्हण आहे. ‘घर पाहावे राखून’ अशी तिची इंग्रजी बहीण शोभेल.

आता परगण्यातील दोन-तीन वास्तूंच्या उंबऱ्यापर्यंत जाऊ. ओकहॅमच्या किल्ल्यातील महादालन बाराव्या शतकाच्या अखेरीचे. नॉर्मन काळातील घरगुती बांधणीचा इतका सुस्थितीतील नमुना इंग्लंडात विरळा. त्याच्या भिंतींवर दोनशेहून अधिक घोड्याचे नाल टांगलेले आहेत. प्रथमच त्या गावी येणाऱ्या उमरावाने एक नाल द्यावा, अशी तेथील चाल. राजघराण्यातील माणसेही तीतून सुटली नाहीत. पाहणाऱ्यास मौज वाटते. परंतु नालावर नाव कोरलेले असते ते स्वाराचे. नाल ठोकणाऱ्या लोहाराचे नव्हे. त्याच दालनात शतकानुशतके न्यायसभाही भरली. तेथे जे आरोपी उभे राहिले त्यांच्यासाठी भिंतीवर खुंटी कोणी ठोकली नाही.

लिडिंग्टनचे बीडगृह हे मूळ लिंकनच्या बिशपांच्या राजवाड्याचा भाग. सोळाव्या शतकातील धर्मक्रांतीत ते राजाकडे गेले, आणि 1600 साली टॉमस सेसिलने त्याचे निराश्रितांसाठी आश्रयगृह केले. बारा गरीब पुरुष व दोन स्त्रिया तेथे राहावयाच्या. अट अशी की त्यांस वेड, महारोग वा गुप्तरोग नसावा. जेथे बिशपाच्या पंक्ती उठल्या तेथे पुढे तीनशेहून अधिक वर्षे म्हाताऱ्यांनी आपली भाकरी मोडली. आज ती वास्तू राष्ट्रीय संरक्षणात आहे. राजवाडा म्हणून ती फार दिवस टिकली नसती. निराश्रितांनी ती राहती ठेवली म्हणून ती टिकली, असे म्हणण्यास जागा आहे. तरीही तेथे जाणारा प्रवासी मान वर करून पाहतो ते बिशपाच्या दालनातील कोरीव छत.

तीच गोष्ट दगडांची. केटनच्या खाणीतील दगड केंब्रिजमध्ये गेला आणि रेनने ट्रिनिटी कॉलेजासाठी बांधलेले ग्रंथालय त्यातून उठले. ग्रंथालय जगप्रसिद्ध झाले. खाणीत ज्यांनी घाम गाळला ते कोठल्याच सूचीत नाहीत. पिकवर्थ येथे मध्ययुगातील एक खेडे ओस पडून नामशेष झाले. त्याच्या मंदिराची एक कमान तेवढी उरली. 1817 साली तेथील चुन्याच्या भट्टीवर जॉन क्लेअर नावाचा एक मजूर राबत होता. तो कवी होता, आणि त्या अवशेषांवर त्याने एक विलापिका रचिली. पडक्या भिंतींवर उसासे टाकणारे सुखवस्तू कवी त्या काळी पैशाला पासरी होते. पण त्याच मातीत कुदळ चालवून पोट भरणाऱ्याने ते अवशेष पाहावे, ह्यात काही निराळाच अर्थ आहे असे आम्हांस वाटते.

आणि आता नॉर्मंटन. आमच्या प्रश्नाचा सारा कस येथे लागतो.

अठराव्या शतकात नॉर्मंटनची जहागीर हीथकोट घराण्याकडे आली. ह्या घराण्याचा भाग्यविधाता सर गिल्बर्ट हा बँक ऑफ इंग्लंडच्या संस्थापकांपैकी एक, लंडनचा लॉर्ड मेयर, आणि नव्या ईस्ट इंडिया कंपनीच्या पुढाऱ्यांत गणला जाणारा व्यापारी. घराण्याने तेथे टोलेजंग वाडा उभारिला, आणि वाड्याभोवती मोकळे उपवन पाहिजे म्हणून नॉर्मंटनचे खेडेच तेथून उठविले. रहिवाशांस शेजारच्या एम्पिंगहॅम गावी हलविण्यात आले. गाव गेले, गावाचे प्रार्थनामंदिर मात्र राहिले. कारण ते जहागीरदारांच्या उपवनास शोभा देत होते, आणि त्यांची थडगीही तेथेच व्हावयाची होती. 1826 च्या सुमारास टॉमस कंडी नावाच्या स्थपतीने त्यास लंडनमधील एका प्रसिद्ध मंदिराच्या धर्तीवर नवा मनोरा बांधिला. 1911 साली मुख्य दालनही नव्याने झाले. पुढे काळ पालटला. एवढा थोरला वाडा पोसणे परवडेना, आणि 1925 साली तो पाडून टाकण्यात आला. ज्या वाड्यासाठी गाव उठविले तो वाडाही दोनशे वर्षे धड उभा राहिला नाही!

त्यानंतर पन्नास वर्षे झाली नाहीत तोच गरजेने पुन्हा दार ठोठाविले. ह्या वेळी ती चैन नव्हती. मध्य इंग्लंडच्या पूर्वेकडील वाढत्या नगरांस पाणी पाहिजे होते. 1970 साली त्यासाठी कायदा झाला, एम्पिंगहॅमजवळ ग्वॉश नदीस बांध घातला गेला, आणि 1976 साली जलाशयाचे उद्घाटन झाले. विस्ताराने इंग्लंडात एवढा मोठा मानवनिर्मित जलाशय दुसरा नाही. त्यासाठी नेदर हॅम्बल्टन हे खेडे समूळ गेले आणि मिडल हॅम्बल्टनचा बहुतेक भाग गेला. नॉर्मंटनचे मंदिरही जावयाचेच होते. त्याची जमीन नियोजित जलपातळीच्या खाली पडत होती. 1970 साली त्याचे धार्मिक विधिपूर्वक विसर्जनही झाले होते. परंतु लोकांत कळकळ उत्पन्न झाली, वर्गणी जमली, विश्वस्त पुढे आले. मंदिराचा खालचा अर्धा भाग दगडगोट्यांनी भरून काढून खिडक्यांच्या किंचित खाली काँक्रीटची नवी जमीन घालण्यात आली, आणि भोवती बांध रचण्यात आला. आज तीन बाजूंस पाणी असलेल्या जिभेसारख्या भूशिरावर ते अर्धे पुरलेले मंदिर उभे आहे. काही वर्षे तेथे संग्रहालय होते. आता तेथे विवाह लागतात आणि गायनवादन होते. रटलंडच्या चित्रांत सर्वांत अधिक चित्रे बहुधा त्याचीच.

ह्यातील एक योगायोग तर मोठा अर्थपूर्ण आहे. 1974 साली शासनाच्या पुनर्रचनेत रटलंड परगणाच रद्द झाला व लेस्टरशायरात विलीन करण्यात आला. बांधकाम चालू असता ज्याला एम्पिंगहॅमचा जलाशय म्हणत, त्याला उद्घाटनानंतर रटलंड वॉटर हे नाव मिळाले. कागदावरून पुसलेले नाव पाण्यावर तरंगत राहिले! 1997 साली परगणा पुनः स्थापन झाला तेव्हा ते नाव लोकांच्या तोंडी जिवंतच होते.

आता ह्या कथेचा न्याय कसा करावयाचा? कोणी म्हणेल, मंदिर वाचले ह्यात वाईट काय? वाईट काहीच नाही. पण एक विचार आमच्या मनातून जात नाही. त्या खोऱ्यातून दोनदा माणसे उठविली गेली. एकदा उमरावाच्या चैनीसाठी, एकदा नगरांच्या तहानेसाठी. दुसरे कारण पहिल्यासारखे निंद्य नव्हे, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. तहानलेल्यास पाणी द्यावे की जुने घर राखावे असा प्रश्न आला तर पाण्याच्या बाजूने मत द्यावे लागेल. ‘मढे झाकून पेरा करावा’ हे आपल्या कुणब्याचे तत्त्वज्ञान कठोर असले तरी निर्दय नाही. परंतु दोन्ही वेळा वाचले ते तेच एक मंदिर. नेदर हॅम्बल्टनच्या चुली पाण्याखाली गेल्या. त्यांच्याभोवती कोणी बांध घातला नाही. म्हणजे राखण्याचा निर्णय करताना आपण सौंदर्याकडे पाहिले; आणि सौंदर्य तर ज्यांच्याजवळ धन होते त्यांच्याच वास्तूंस अधिक लाभलेले असावयाचे. अशा रीतीने जगण्यात झालेला अन्याय स्मरणातही चालू राहतो. कर्झनचे कोडे येथे उलगडते. भिंतीवर प्रेम करणे सोपे आहे, कारण भिंत काही मागत नाही आणि काही बोलत नाही. माणूस दोन्ही करतो.

मग काय, धनिकांच्या वास्तू पडू द्याव्या? सूची जाळावी? इतका उतावीळ निष्कर्ष आम्हांस मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे सांगण्यासाठी रटलंडमधीलच आणखी एक गोष्ट उपयोगी पडेल. 2020 साली केटनजवळ एका शेतात रोमन काळातील प्रशस्त घराचे अवशेष सापडले. त्यात अकरा मीटर लांबीची, रंगीत खड्यांच्या चित्रांनी नटलेली फरसबंदी निघाली. अकिलीस व हेक्टर यांचे युद्ध, हेक्टरच्या प्रेताची विटंबना, आणि मुलाचे प्रेत सोडविण्यासाठी म्हाताऱ्या प्रायमने तोलून दिलेले सोने, असे त्यावरील प्रसंग. ब्रिटनमध्ये असे चित्र पूर्वी मिळालेले नव्हते. 2021 साली त्या जागेस कायद्याचे संरक्षण देण्यात आले; आणि अभ्यास आटोपल्यावर ती फरसबंदी पुन्हा मातीने झाकण्यात आली.

ह्या झाकण्याचा अर्थ लक्षात घ्यावा. जी वस्तू आपण पाहणार नाही, जिच्यापासून आपणांस करमणूक नाही की मिळकत नाही, तीही राखली पाहिजे असे लोकांस वाटले. म्हणजे ह्या कर्तव्याचा आधार आपल्या नेत्रसुखात नाही. तो कोठे आहे हे सांगावयास आमच्या जुन्या ग्रंथांतील ऋणाची कल्पना आम्हांस फार उपयोगी वाटते. देवऋण, ऋषिऋण व पितृऋण घेऊन मनुष्य जन्मास येतो, हे सर्वश्रुतच आहे. त्यांतील पितृऋण फेडण्याची रीत मोठी विलक्षण सांगितली आहे: ते पितरांस परत करावयाचे नसून संततीच्या रूपाने पुढे द्यावयाचे असते. मागचे देणे पुढच्यास चुकते करावयाचे! रस्किनने भूतकाळ आणि भविष्यकाळ यांस एकाच वास्तूचे भागीदार ठरविले, त्यातील गाठ ह्या कल्पनेने आपोआप सुटते. अजून न जन्मलेल्याचा हक्क सिद्ध करीत बसण्याचे कारण नाही. आपले देणे सिद्ध झाले की पुरे. आणि ते देणे कोणाचे, हे शतपथब्राह्मण अधिक स्पष्ट करते; कारण त्यात तिघांच्या जोडीला मनुष्यांचे ऋण हे चौथे सांगितले आहे. वास्तूंच्या बाबतीत ह्या चौथ्या ऋणाचाच आपणांस विसर पडतो.

आम्ही गेली कित्येक वर्षे महाविद्यालयात रस्किन शिकविला. त्याच्या वाक्यांच्या लांबरुंद कमानींखाली विद्यार्थ्यांसह उभे राहून डोलत आलो. मंदिर बांधणाऱ्या कारागिराच्या आनंदाविषयी तो किती तळमळीने लिहितो, हे आम्ही सांगितले. त्या मंदिरासभोवतालचे गाव कोठे गेले, हा प्रश्न मात्र आम्हांस कधी सुचला नाही, आणि एकाही विद्यार्थ्याने तो विचारला नाही. ही आमच्या अध्यापनातील उणीव नॉर्मंटनने आम्हांस दाखवून दिली, हे कबूल केले पाहिजे.

आमचे मत थोडक्यात असे. वास्तू राखावयाची ती साक्षीदार म्हणून. साक्षीदार आपल्या धन्याच्या बाजूनेच बोलेल असा नियम नाही. पुष्कळदा तो त्याच्या विरुद्धही बोलतो, आणि म्हणूनच त्याला मारू नये. नॉर्मंटनचे मंदिर 1970 साली पाडले असते तर हीथकोटांच्या वैभवाची खूण गेली असती खरी. पण त्याबरोबर त्यांनी उठविलेल्या गावाची उरलीसुरली खूणही गेली असती. ‘हे एवढे सुंदर मंदिर येथे एकटेच का?’ असा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात आज उठू शकतो, तो मंदिर उभे आहे म्हणूनच. धन्याची वास्तू गरिबाची साक्ष सांभाळून ठेवते, ही तिच्या बाजूची सर्वांत बळकट गोष्ट आहे. मात्र साक्षीदार जिवंत ठेवून त्याचे तोंड बांधले तर तो ठेवून उपयोग काय? कायदा भिंत राखू शकतो; तिच्याकडून खरे वदवून घेणे कायद्याच्या हाती नाही. ते काम त्या गावच्या शिक्षकाचे, इतिहासकाराचे, वाटाड्याचे आणि पाहणाऱ्याचे आहे.

ह्यावर एक आक्षेप येण्याजोगा आहे. अर्धे पुरलेले, देव गेलेले, लग्नकार्यास भाड्याने मिळणारे मंदिर म्हणजे मसाला भरून काचेत ठेवलेला प्राणीच नव्हे काय? त्यापेक्षा सन्मानाने पाण्याखाली गेले असते तर काय बिघडले असते? आक्षेपात तथ्य आहे. बदलत्या उपयोगाने वास्तूचे काही तरी मरतेच. पण लिडिंग्टन आठवावे. बिशपाचा वाडा निराश्रितांचे घर झाला तेव्हाही कोणी तरी असेच नाक मुरडले असेल. वास्तूचा पहिला हेतू हाच तिचा एकमेव धर्म, असे मानले तर माणसांच्या हातची कोणतीच वस्तू एका पिढीपलीकडे जगावयाची नाही. अर्धे पुरलेले मंदिर आपले अर्धे पुरलेपणही सांगते; येथे पाणी येण्याआधी जमीन किती खाली होती, हे ते दाखविते. त्या दृष्टीने त्याचे नवे रूप हे त्याच्या साक्षीतले एक नवे वाक्यच आहे.

आरंभीच्या प्रश्नास एवढे उत्तर आम्हांस देता येते. आपले कर्तव्य दगडाशी नाही, आणि दगडावर ज्यांची नावे कोरली आहेत तेवढ्यांशीच नाही. ज्यांनी दगड खणला, वाहिला, ज्यांना तो रचण्यासाठी जागा सोडावी लागली, त्यांचे देणे आपल्या डोक्यावर आहे, आणि ते पुढच्यांस खरी हकीकत सांगूनच फिटावयाचे आहे. हॅम्बल्टनच्या टेकाडाखाली, पाण्याच्या अगदी काठाशी, सतराव्या शतकातील एक जुना वाडा अजून उभा आहे. त्याच्यापुढे उतरत गेलेली वाट जलाशयात शिरते आणि दिसेनाशी होते. मंदिराचे चित्र घेऊन परतणाऱ्याने त्या वाटेच्या टोकाशी क्षणभर थांबावे, आणि ती पुढे कोणाच्या दारापर्यंत जात होती हे कोणास तरी विचारावे.